चेहऱ्याच्या क्रीमची घटकयादी : दोन याद्या शेजारी ठेवल्या, तर तुलना कुठून सुरू करायची?

निशिगंध

दोन मॉइश्चरायझरच्या घटकयाद्या खोक्यावरून उतरवून देत आहे. क्रम बदललेला नाही.

अ : पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सेटिअरील अल्कोहोल, डायमेथिकोन, सेटिअरेथ-२०, फेनॉक्सिएथेनॉल, कार्बोमर, सोडियम हायड्रॉक्साइड, सिरॅमाइड एनपी, सिरॅमाइड एपी, सिरॅमाइड ईओपी, फायटोस्फिंगोसीन, कोलेस्टेरॉल, सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, झँथन गम, डायसोडियम ईडीटीए, एथिलहेक्सिलग्लिसरीन.

ब : पाणी, गुलाबपाणी, कोरफडीचा रस, ब्युटिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल डिनॅट, सायक्लोपेंटासिलोक्सेन, फेनॉक्सिएथेनॉल, नायसिनामाइड, कार्बोमर, ट्रायएथेनॉलअमाइन, सेंटेला एशियाटिका अर्क, ज्येष्ठमध अर्क, रेटिनिल पामिटेट, परफ्युम, लिनालूल, लिमोनीन.

अ ट्यूबमध्ये मिळते, ब काचेच्या पारदर्शक बरणीत. दोन्हींवर समोर 'नायसिनामाइड' (व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप) असं ठळक छापलंय. अ वर '३ टक्के सिरॅमाइड कॉम्प्लेक्स' आहे (सिरॅमाइड म्हणजे त्वचेतच असणारी स्निग्धं), तर ब वर 'वनस्पती अर्क आणि प्रो-रेटिनॉल', म्हणजे यादीतलं रेटिनिल पामिटेट, व्हिटॅमिन ए चं एक रूप.

कोरड्या आणि पटकन लाल होणाऱ्या त्वचेसाठी यातलं काय निवडावं आणि कशावरून? अ मध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, का आहे? आणि 'अल्कोहोल' हा शब्द दोन्हींत दिसतोय, तो एकच प्रकार का?

रसायनी

आधी क्रमाचा नियम. १ टक्क्याच्या वर असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिता येतात आणि रंगद्रव्यं शेवटी टाकली तरी चालतात. म्हणून यादी वाचताना पहिलं काम म्हणजे ही १ टक्क्याची रेघ कुठे पडते ते शोधणं.

रेघ शोधायला फेनॉक्सिएथेनॉल फार उपयोगी. हे परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारा घटक आहे आणि युरोपीय नियमात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्याच्यानंतर जे काही येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. कार्बोमर, झँथन गम आणि डायसोडियम ईडीटीए यांचाही खुणेसारखा उपयोग होतो. पहिले दोन दाटपणा आणणारे, ते साधारण ०.१ ते ०.५ टक्के पडतात, ईडीटीए त्याहूनही कमी.

आता दोन्ही याद्या पुन्हा बघा. अ मध्ये नायसिनामाइड तिसरं आहे, रेघेच्या बरंच वर. ब मध्ये ते फेनॉक्सिएथेनॉलच्या नंतर आलंय, म्हणजे जास्तीत जास्त १ टक्का. नायसिनामाइडवरचे बरेचसे चांगले प्रयोग २ ते ५ टक्क्यांवर झालेले आहेत. समोरचा ठळक शब्द एकच असला तरी आतला माल एकसारखा नाही.

तळटीप

रसायनींना अनुमोदन. ब च्या पहिल्या तीन घटकांबद्दल थोडी भर घालतो. गुलाबपाणी हे ऊर्ध्वपातनात मिळालेलं पाणीच, सुगंधी द्रव्यं त्यात अत्यल्प. कोरफडीच्या रसात ९८ टक्क्यांच्या वर पाणी. म्हणजे यादीतली पहिली तिन्ही नावं मिळून जवळपास पाणीच आहे. अर्कांचंही तसंच. 'सेंटेला अर्क' असं लिहिलं तरी तो बहुतेक वेळा ग्लिसरीन, ग्लायकॉल किंवा पाण्यात विरघळवलेला येतो आणि त्यात वनस्पतीचा घनभाग किती, हे यादीवरून समजत नाही. सेंटेलाचा परिणाम हवा असेल तर मॅडेकॅसोसाइड किंवा एशियाटिकोसाइड अशी सुटी नावं शोधावीत.

पानगळ

म्हणजे रेघेच्या खालचं सगळं नुसतं शोभेचं, असंच ना?

रसायनी

नाही, तसं अजिबात नाही. प्रत्येक घटकाचं काम करण्याचं आपापलं प्रमाण असतं. रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के असलं तरी काम करतं. काही पेप्टाइड्स तर लाखात काही भाग इतक्याच प्रमाणात घालतात. ईडीटीए ०.१ टक्का असलं तरी पाण्यातले धातूचे आयन बांधून ठेवतं आणि त्यामुळे परिरक्षक नीट काम करू शकतं. ग्लिसरीन मात्र रेघेखाली असेल तर त्याचा उपयोग नाममात्र, कारण ओलावा धरायला ते काही टक्के तरी लागतं. युरियाचंही तेच. लॅक्टिक किंवा ग्लायकॉलिक आम्ल रेघेखाली दिसलं तर ते त्वचा सोलण्यासाठी नव्हे, पीएच जुळवायला घातलेलं समजा.

म्हणून दोन प्रश्न जोडीने विचारायचे: हा घटक किती आहे, आणि त्याला किती लागतं?

सौदामिनी

अल्कोहोलबद्दल. सेटिल, स्टिअरील, सेटिअरील, बेहेनिल ही मेदाम्लांपासून बनलेली मेणासारखी पांढरी घन अल्कोहोलं आहेत. ती क्रीमला दाटपणा देतात, त्वचेला मऊ करतात आणि कोरडेपणा अजिबात आणत नाहीत. अल्कोहोल डिनॅट म्हणजे पिण्यायोग्य राहू नये म्हणून विकृत केलेलं इथेनॉल. ते पटकन उडतं, त्यामुळे लावताना क्रीम हलकं, न चिकटणारं वाटतं. दोन्हींच्या नावात अल्कोहोल आलं तरी स्वभाव अगदी वेगळे.

ब मध्ये ते पाचवं आहे, फेनॉक्सिएथेनॉलच्या वर. म्हणजे बहुधा निदान १ टक्क्याच्या आसपास, कदाचित बरंच जास्त. कोरड्या त्वचेला मी ते सुचवणार नाही.

काजळवेळ

सौदामिनी, थोडा मतभेद. अल्कोहोल डिनॅट दिसलं की उत्पादन बाद करणं घाईचं आहे. किती टक्के आणि सोबत काय, यावर सगळं ठरतं. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ते असतं, कारण ऊन अडवणाऱ्या, तेलात विरघळणाऱ्या फिल्टरांची पातळ, एकसारखी फिल्म त्यामुळे बसते. ते काढलं तर सनस्क्रीन जड होतं आणि लोक पुरेसं लावतच नाहीत. एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तो चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. त्याच्या निम्मं लावलं तर खोक्यावरच्या आकड्याचा भरवसा उरत नाही.

सौदामिनी

सनस्क्रीनबद्दल मान्य. पण इथे चर्चा मॉइश्चरायझरची आहे आणि ब मध्ये त्याची भरपाई करायला काहीच नाही. रेघेच्या वरचे घटक मोजा: पाणी, ब्युटिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल, उडून जाणारं सिलिकॉन. सायक्लोपेंटासिलोक्सेन काही वेळात उडून जातं. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर उरतं काय? थोडं ग्लायकॉल आणि कार्बोमरचा पापुद्रा. पाणी अडवून धरणारा एकही घटक पुरेशा प्रमाणात नाही. अ मध्ये ट्रायग्लिसराइड, सेटिअरील अल्कोहोल आणि डायमेथिकोन तिन्ही रेघेच्या वर आहेत, आणि ते त्वचेवर टिकतात.

काजळवेळ

हे पटलं. ब कोरड्या त्वचेसाठी नाहीच.

बारीकअक्षर

सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रश्न राहिला. कार्बोमर हा आम्लधर्मी बहुवारिक (पॉलिमर) आहे. पाण्यात विरवला की त्याचं पातळ, आम्लधर्मी द्रावण होतं. त्यात थोडा अल्क (अल्कली) घातला की त्याच्या साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलतात, उलगडून फुगतात आणि काही सेकंदांत घट्ट पारदर्शक जेल तयार होतं. तो अल्क म्हणजे अ मधलं सोडियम हायड्रॉक्साइड. ब मध्ये तेच काम ट्रायएथेनॉलअमाइन करतंय. अभिक्रियेनंतर मोकळा कॉस्टिक उरत नाही, तयार क्रीमचा पीएच साधारण ५ ते ६ असतो.

अवांतर: कार्बोमरचं जेल मिठाने फुटतं. घाम आला किंवा क्षार असलेलं सीरम खाली लावलं की ते पाणी सोडतं. अशा वेळी क्रीमचे दाणे होऊन चेहऱ्यावरून सोलून येतात. लोक दोष सिलिकॉनला देतात, पण पुष्कळदा कारण कार्बोमर किंवा झँथन गमचे थर एकावर एक चढवणं हे असतं. खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा, पुढचा चोळण्याऐवजी दाबून लावायचा आणि एकूण थर कमी ठेवायचे.

मृद्गंध

सिरॅमाइडचं कोडं सोडवाल का कोणी? समोर ३ टक्के आणि यादीत १ टक्क्याच्या रेघेखाली. हे दोन्ही खरं कसं?

तळटीप

दोन्ही खरं असू शकतं. '३ टक्के सिरॅमाइड' आणि '३ टक्के सिरॅमाइड कॉम्प्लेक्स' यातला एक शब्द निर्णायक आहे. कॉम्प्लेक्स म्हणजे पुरवठादाराकडून येणारं तयार मिश्रण, बहुतांश पाणी. अ च्या यादीत ते ओळखूही येतं. तीन सिरॅमाइड, फायटोस्फिंगोसीन, कोलेस्टेरॉल, सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट, कार्बोमर, झँथन गम ही मंडळी एकत्र दिसली की समजावं, मिश्रण ओतलंय.

समजा त्या मिश्रणात सिरॅमाइड दीड टक्का आहेत. ३ टक्के मिश्रण घातलं तर क्रीममध्ये येतात ०.०१५ गुणिले ३, म्हणजे ०.०४५ टक्के. १०० ग्रॅम क्रीममध्ये ४५ मिलिग्रॅम. हाच हिशोब रेटिनॉलच्या '१० टक्के कॉम्प्लेक्स'ला लावा. हायल्युरोनिक आम्लाचंही तेच: ते बहुधा १ टक्क्याच्या द्रावणातून घालतात. शुद्ध, मोठ्या रेणूचं सोडियम हायल्युरोनेट १ टक्का पाण्यात घातलं तरी घट्ट जेल होतं. 'हायल्युरोनिक ५ टक्के' लिहिलेलं सीरम पाण्यासारखं वाहत असेल तर तो आकडा द्रावणाचा, किंवा मग रेणू फारच लहान तुकड्यांचे.

मृद्गंध

मग ०.०४५ टक्के सिरॅमाइडचा उपयोग शून्य?

रसायनी

शून्य म्हणणार नाही. त्वचेच्या बाहेरच्या थरातल्या स्निग्धात वजनाने सुमारे निम्मे सिरॅमाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि १० ते १५ टक्के मोकळी मेदाम्लं असतात. अ मध्ये पहिली दोन सोबत आहेत, ही जमेची बाजू. पण अ चं खरं काम ग्लिसरीन, नायसिनामाइड आणि वरची स्निग्धं करणार आहेत. त्यातही नायसिनामाइड त्वचेला स्वतःची सिरॅमाइड बनवायला मदत करतं. नुसतं पाणी अडवायचं असेल तर या सगळ्यांपेक्षा साधं पेट्रोलॅटम (व्हॅसलीन) सरस. त्वचेतून उडणारं पाणी ते इतर कुठल्याही नेहमीच्या घटकापेक्षा जास्त रोखतं. फक्त चिकट लागतं, म्हणून लोकांना नको असतं.

पानगळ

अ मध्ये नायसिनामाइड आहे. सकाळी त्याच्याखाली व्हिटॅमिन सी चालेल का? दोघं एकमेकांना मारतात असं सगळीकडे वाचलंय.

रसायनी

चालेल. ही समजूत जुन्या प्रयोगांवरून आली, ज्यांत द्रावणं बराच वेळ तापवली होती. नायसिनामाइडचं निकोटिनिक आम्ल व्हायला तीव्र आम्ल किंवा अल्क आणि उष्णता लागते. चेहऱ्यावर तशी परिस्थिती येत नाही. लाली आलीच तर ती बहुधा १० टक्क्यांच्या नायसिनामाइडने किंवा व्हिटॅमिन सीच्या कमी पीएचने. लाल होणाऱ्या त्वचेने ४-५ टक्क्यांवर थांबावं.

व्हिटॅमिन सी निवडताना मात्र रूप बघा. एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो, प्रमाण १० ते २० टक्के. २० च्या वर शोषण वाढत नाही, चुणचुण वाढते. १५ टक्के अ‍ॅस्कॉर्बिक, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि ०.५ टक्का फेरुलिक आम्ल या जोडणीवर चांगलं काम झालेलं आहे, फेरुलिकमुळे द्रावण टिकतंही जास्त. सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड ही रूपं टिकाऊ आणि सौम्य, पण त्वचेत त्यांचं अ‍ॅस्कॉर्बिकमध्ये रूपांतर व्हावं लागतं. म्हणून टक्के एकास एक धरू नका.

सौदामिनी

आणि रंग बघा. ताजं अ‍ॅस्कॉर्बिक सीरम रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळसर असतं. गडद नारिंगी किंवा तपकिरी झालं की त्याचं ऑक्सिडीकरण झालं, टाकून द्यावं. बाटली तपकिरी असेल तर रंग कळत नाही, म्हणून पांढऱ्या बशीत एक थेंब टाकून बघा.

बारीकअक्षर

पीएचचा विषय निघालाय तर त्वचा सोलणाऱ्या आम्लांचं गणितही लिहून टाकतो, तुलना करताना इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ग्लायकॉलिक आम्लाचा पीकेए ३.८३. म्हणजे पीएच ३.८३ असताना त्यातलं निम्मं आम्ल मोकळ्या रूपात आणि निम्मं क्षाररूपात. त्वचेत नीट शिरतं ते मोकळं. म्हणून:

१० टक्के, पीएच ३.८ : मोकळं सुमारे ५ टक्के.
१० टक्के, पीएच ४.८ : मोकळं १ टक्क्याच्याही थोडं खाली.
५ टक्के, पीएच ३.५ : मोकळं सुमारे ३.४ टक्के.

तिसरी बाटली आकड्याने दुसरीच्या निम्मी, कामाने तिप्पटीहून जास्त. लॅक्टिकचा पीकेए ३.८६, म्हणजे गणित तेच, पण रेणू थोडा मोठा असल्याने ते जरा सावकाश शिरतं. मँडेलिकचा रेणू ग्लायकॉलिकच्या दुप्पट वजनाचा, त्याहून सावकाश. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून छिद्रांतल्या तेलात उतरतं. ते ०.५ ते २ टक्के पुरे.

पानगळ

पीएच घरी मोजता येतो का?

बारीकअक्षर

पाणीदार सीरम असेल तर पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर थेट थेंब टाका. रंग १५-२० सेकंदांत वाचा, पट्टी वाळली की रंग बदलतो. क्रीम असेल तर एक भाग क्रीम आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी नीट घोटून मग पट्टी बुडवा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे आकडा वर सरकतो. तेलाच्या किंवा बिनपाण्याच्या उत्पादनाला पीएचच नसतो, तिथे पट्टी वाया.

काजळवेळ

सेटिअरील अल्कोहोलने छिद्रं बुजतात असं ० ते ५ गुणांच्या यादीत दिसतं. अ मध्ये ते आहे, त्याचं काय?

तळटीप

त्या गुणांचा उगम सशाच्या कानावरच्या चाचण्यांत आहे. १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांवर लिहिलं, त्यानंतर अशा याद्या फुगत गेल्या. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त संवेदनशील, आणि घटक पुष्कळदा जास्त तीव्रतेने तपासलेले. क्रीममध्ये २-३ टक्के असलेल्या घटकाचे गुण जसेच्या तसे लावता येत नाहीत. आयसोप्रोपिल मिरिस्टेट यादीत खूप वर असेल तर मुरुमांच्या त्वचेने सावध राहावं, इतपत मी मानतो. एकेका घटकावरून तयार क्रीम मुरुम आणेल की नाही, हे सांगता येत नाही.

निशिगंध

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. आता मूळ प्रश्नाकडे. ब मधलं रेटिनिल पामिटेट आणि शेवटची तीन सुगंधी नावं यांचं वजन किती धरावं?

रसायनी

रेटिनिल पामिटेटचं आधी रेटिनॉल, मग रेटिनाल्डिहाइड, मग रेटिनॉइक आम्ल व्हावं लागतं. तीन पायऱ्या, प्रत्येक ठिकाणी गळती. त्यात प्रमाण रेघेच्या खाली आणि बरणी पारदर्शक. रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए ची ही सगळी रूपं) प्रकाश आणि हवा दोन्हींनी खराब होतात, आणि झाकण उघडलं की दर वेळी दोन्ही आत जातात. या बरणीतून काही विशेष मिळेल असं मला वाटत नाही. गरोदरपणात मात्र कुठलंही रेटिनॉइड टाळावंच, प्रमाण कितीही कमी असो.

सौदामिनी

पटकन लाल होणाऱ्या त्वचेसाठी मी शेवटच्या तीन नावांवरच ब नाकारेन. लिनालूल आणि लिमोनीन हवेत ऑक्सिडाइझ होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात, अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्यामुळे होते. ताज्या बरणीने काही न होता तीन महिन्यांनी अचानक खाज सुटते ती यामुळे असू शकते. ही नावं वेगळी छापलेली असतात कारण युरोपीय नियमात, धुवून न टाकायच्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर गेली की ती छापावीच लागतात. ती फुलांच्या तेलातून आली असली तरी रेणू तोच. 'नैसर्गिक सुगंध' म्हणून त्वचा सूट देत नाही.

एक खबरदारी अ साठीही. 'अनसेंटेड' म्हणजे बिनसुगंधी नव्हे, वास झाकायला त्यात सुगंध असू शकतो. यादीत परफ्युम नाही हे डोळ्यांनी बघावं. अ मध्ये नाही.

मृद्गंध

म्हणजे कौल अ ला. पण यादी उत्तम असूनही एखाद्याला चालत नाही, त्याची चाचणी कशी करायची?

बारीकअक्षर

कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या दोन-तीन जागा मावतील इतक्या भागावर, दिवसातून दोनदा, निदान सात दिवस. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी बघणं पुरत नाही, संपर्काची अ‍ॅलर्जी उशिरा दिसते. मग जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस, मग पूर्ण चेहरा. या काळात दुसरं कुठलंही नवं उत्पादन सुरू करायचं नाही, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. फेसवॉश किंवा सोलणारं आम्ल असं दिवसभर हातावर ठेवू नये, ते वापरतात तसंच लावून धुवायचं. खाज, सूज किंवा पाणी भरलेले फोड आले तर थांबून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं, आणि जाताना खोकं सोबत न्यावं.

तळटीप

आणि खोकं टाकण्याआधी यादीचा फोटो काढून ठेवा. नाव आणि ट्यूब तीच राहून आतली यादी बदलते. पुढची ट्यूब आणली की दोन्ही फोटो शेजारी ठेवून फेनॉक्सिएथेनॉल कितव्या जागेवर आहे तेवढं आधी बघा. ते दोन जागा वर सरकलं असेल, तर त्याच्या वरचं काहीतरी खाली गेलंय.

निशिगंध

फोटो काढला. अ मध्ये फेनॉक्सिएथेनॉल आठवं आहे.